फवारणीत मेलेला मजूर कोणत्या रकान्यात?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं मेली. ८०० च्या आसपास माणसं दवाखान्यात भरती झाली. त्यांत शेतकरी होते, तसेच रोजीनं फवारणीला जाणारे शेतमजूरही होते. तेव्हा एक उत्तर वारंवार ऐकू आलं : हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मास्क बांधला नाही. म्हणजे जो मेला तोच दोषी!

हे उत्तर नुसत्या घोषणेनं खोडता येत नाही, शास्त्रानं येतं. हातमोजे आदल्या वर्षीही बहुतेकांकडे नव्हतेच. जी गोष्ट दरवर्षी सारखीच असते, तिच्यावरून एकाच वर्षीची वाढ समजत नाही. मग त्या वर्षी बदललं काय? औषध कोणतं होतं? किती औषधं एकत्र कालवली? पंप हाताचा की बॅटरीचा? पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती का? सलग किती दिवस फवारलं? असे प्रश्न शिस्तीनं विचारण्याला साथरोगशास्त्र म्हणतात. ते फक्त कॉलरा-प्लेगचं शास्त्र नाही. आजार कोणाला, कुठे, केव्हा झाला आणि शेजारच्याला का झाला नाही, हे ते शोधतं.

"हे डॉक्टरांचं काम, आपलं नाही," असं आपलीच पोरं म्हणतात. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू घरोघर मोजले आणि बोट एका पाण्याच्या पंपावर ठेवलं. जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाला मान्यही नव्हता. आणि स्नोंच्या निष्कर्षाला भक्कम पुरावा मिळाला तो हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मोपदेशकामुळे. तो डॉक्टर नव्हता, पण वस्तीतलं घर न् घर ओळखत होता. राळेगावच्या वस्त्या, कोलाम पोड आपल्याइतके कोण ओळखतं?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडली, ती आकड्यांनिशी. कोणत्या इयत्तेत आपली किती मुलं पोचतात, हे त्यांनी सरकारला मोजून दाखवलं. दुःख सांगणं आणि दुःख सिद्ध करणं यातला फरक त्यांना पुरता ठाऊक होता.

आज आपला माणूस मोजलाच जात नाही. शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीसाठी सातबारा आणि कर्ज बघतात. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही, तो त्या मदतीला पात्र ठरत नाही. विषबाधेतही तेच. पाणी आणून औषध कालवणाऱ्या, फवारलेल्या वावरात निंदण करणाऱ्या बाया चक्कर येऊन घरीच पडून राहतात. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या नाहीत, म्हणून आकड्यात नाहीत, म्हणून धोरणातही नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो, येत्या खरिपात जुलै ते ऑक्टोबर प्रत्येक गावात दोन तरुणांनी वही धरावी. आधी व्याख्या पक्की करा : फवारणीनंतर किंवा फवारलेल्या वावरात काम केल्यावर २४ तासांत उलटी, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. मग प्रत्येकाच्या संमतीनं वय, बाई की पुरुष, मालक की मजूर, औषध, पंप, दिवस, तास लिहा. जे आजारी पडले नाहीत त्यांचीही तीच नोंद करा. १०० फवारणाऱ्यांत १० आजारी आणि २० जणांत १० आजारी, या दोन गोष्टी एक नाहीत. छेद नसेल तर अंश काहीच बोलत नाही. नावं गुप्त ठेवा, आणि आकडा फुगवू नका. एक खोटी नोंद शंभर खऱ्या नोंदींना बुडवते.

आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या, औषधाचा डबा सोबत न्या, वही नंतर. ती वही घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यासमोर आणि ग्रामसभेत उभे राहा. निवेदन फाइलमध्ये दाबता येतं. गावागावातून आलेला, एकाच पद्धतीनं मोजलेला आकडा दाबणं सोपं नाही.

जय भीम!