नावे कोणाच्या, जमा कोणाची

हिशेब दुकानदाराच्या पोराला लागतो, शेतकऱ्याच्या पोराला काय करायचा? पांढुर्ण्यात किंवा सौंसरात दहावीनंतर विषय निवडायची वेळ आली की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. पोरगं हुशार तर विज्ञान, घरी शेत तर कृषी, घरी दुकान तर वाणिज्य आणि उरलेल्यांना कला, अशी वाटणी जणू बारशालाच ठरलेली असते. तिच्यात लेखाशास्त्र दुकानाच्या वाट्याला जातं. म्हणजे ज्याच्या घरी वही आधीपासून आहे त्यालाच आपण वही शिकवतो. ज्याच्या बापाचं नाव त्या वहीत लिहिलेलं आहे, तो कोराच राहतो.

माझा वाद या वाटणीशी आहे. नववी-दहावीतल्या प्रत्येक मुलामुलीला हिशेब शिकवला पाहिजे, आणि तोही आधी वाचायला, मग लिहायला. आपण दुसऱ्याच्या वहीत कुठे आणि कसे उभे आहोत, एवढं कळलं तरी पहिल्या वर्षाला पुरे.

यावर पहिला आक्षेप गणितवाल्यांचा. शेकडेवारी, नफातोटा, व्याज हे सगळं आठवीपर्यंत होऊनच जातं, आता वेगळा हिशेब कशाला? होतं, खरं आहे. पण गणिताच्या पुस्तकातलं व्याज फार सज्जन असतं. ते आपलं नाव सांगून येतं: मुद्दल इतकं, दर इतका, मुदत इतकी, आता सरळव्याज काढा. कृषी केंद्राच्या उधारीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. समजा, फवारणीच्या औषधाचा डबा रोखीने १,३०० रुपयांना आहे आणि उधारीने १,४३० ला. जुलैत उचलला, कापूस विकून जानेवारीत पैसे दिले. वहीत व्याजाचा रकानाच नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात, आपला दुकानदार देवमाणूस, व्याज घेत नाही बापा. आता सहा महिन्यांचे १३० रुपये म्हणजे १० टक्के झाले, वर्षाचे २०. त्याच शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ४ टक्केच पडतं. मध्यप्रदेशात सहकारी सोसायटीतून उचलून मुदतीत फेडलं तर शून्य. दुकानदार चोर आहे असं मी म्हणत नाही. त्याचाही पैसा अडकतो, त्यालाही वरचा व्यापारी थांबत नाही. पण भावात विरघळलेलं व्याज वेगळं काढून बघायचं असतं, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. गुणाकार त्याला येतो. कशाला कशाने गुणायचं ते येत नाही.

दुसरा आक्षेप वाणिज्याच्या शिक्षकांकडून येतो, आणि तो अनुभवातून आलेला असल्यामुळे जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, अकरावीची पोरं अख्खं वर्ष घालवतात तरी त्यांना नावे आणि जमा यांतला फरक उमगत नाही. नववीच्या पोरांची काय कथा? उमगत नाही हे मला मान्य आहे. पण दोष पोरांच्या वयाचा नाही, सुरुवात जिथून केली जाते त्या जागेचा आहे. सुरुवात होते नियमांपासून. घेणाऱ्याच्या नावे लिहा, देणाऱ्याचं जमा करा. येईल ते नावे, जाईल ते जमा. खर्च नि तोटा नावे, उत्पन्न नि नफा जमा. पाढ्यांसारखं हे म्हणून घेतात, पोरं म्हणतातही.

मग तेच पोरगं घरी बापाचं पासबुक उघडतं. बापाने ५,००० रुपये बँकेत भरलेले आहेत आणि पासबुकात ते ‘जमा’ बाजूला आहेत. नियम तर सांगतो, पैसे बँकेने घेतले, घेणाऱ्याच्या नावे लिहा. म्हणजे एकतर गुरुजी चुकले किंवा बँक चुकली. बहुतेक पोरं हा प्रश्न विचारत नाहीत, गपचूप नियम पाठ करतात आणि त्या दिवसापासून विषयाशी त्यांचं नातं तुटतं.

खरं म्हणजे दोघंही बरोबर आहेत. पासबुक आपल्या हातात असलं तरी ती आपली वही नव्हे. बँकेच्या खतावणीतल्या आपल्या पानाची ती नक्कल आहे. बँकेच्या नजरेने बघितलं तर देणारा आपण, म्हणून जमा आपली. बँक आपलं ५,००० देणं लागते. आपण आपली वही लिहिली असती तर तिच्यात बँकेच्या नावे ५,००० पडले असते, कारण ते आपल्याला तिच्याकडून येणं आहे. व्यवहार एक, वह्या दोन, बाजू उलट. पांढुर्ण्याचा पलीकडचा काठ तो सावरगावचा अलीकडचा, मधून जाम नदी तीच. नावे-जमेचं तेवढंच आहे, आणि ते गोटमारीत ही दोन गावं एकमेकांवर मारतात तसे दगड न मारता समजतं.

लुका पाचोली या पाद्र्याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, तेव्हापासून तिच्यात मुळात बदललं असं फारच थोडं आहे. एवढी जुनी नि साधी गोष्ट नववीत कळणार नाही, असं मानायला मी तयार नाही. पासबुकापासून सुरुवात करा, मग कृषी केंद्राच्या उधारीवर या, मग बोरगावच्या कारखान्यात लागलेल्या मोठ्या भावाची पगाराची चिठ्ठी घ्या. तिच्यात भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के कापलेले दिसतात. मालक आपल्या पदरचे तितकेच घालतो आणि त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो, हे चिठ्ठीवर सहसा दिसत नाही. नियम सर्वांत शेवटी सांगा. तोवर पोरांनी ते स्वतःच शोधलेले असतील.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: आता टॅली आहे, मोबाइलवर उधारीची ॲपं आहेत, पोरांना तीन महिन्यांचा कोर्स करू द्या, हाताने खतावणी कोण लिहितो? हाताने लिहावी असा माझाही हट्ट नाही. पण यंत्र बेरीज करतं, निवाडा करत नाही, आणि हिशेबात निवाडाच मोठा आहे. आमच्या संत्र्याच्याच बागेचं बघा.

सहा बाय सहा मीटरवर कलमं लावली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. बहार घेण्याजोगी व्हायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर खड्डे, कलमं, शेणखत, ठिबक, राखण, सगळं घरातून. समजा, पाच वर्षांत ३ लाख गेले. सहाव्या वर्षी आंबिया बहार चांगला धरला आणि व्यापाऱ्याने उभी बाग १,६०,००० ला घेतली. त्या वर्षाचा खर्च १,२०,०००. बाप म्हणतो, ४०,००० सुटले. त्या आधीच्या ३ लाखांचं काय? ‘ते तर कधीच खर्च झाले.’ इथेच सगळी मेख आहे. ते खर्च झालेले नाहीत, जमिनीत उभे आहेत. झाड पंधरा वर्षं फळ देईल असं धरलं तर दरसाल २०,००० त्याचा घसारा. म्हणजे सुटले ते निम्मेच, आणि आईने-बापाने वर्षभर केलेली मजुरी तर अजून कुठेच मांडलेली नाही. हे माझं खेडवळ डोकं चालवणं नव्हे. आंतरराष्ट्रीय लेखामानकांत २०१४ साली दुरुस्ती होऊन फळ देणारं झाड यंत्रासारखंच स्थिर मालमत्तेत धरलं जाऊ लागलं, आपल्या भारतीय मानकांतही तेच आहे. झाड वेगळं, झाडावरचं फळ वेगळं. टॅलीत ते ३ लाख कुणी ‘खर्च’ म्हणून टाकले तर टॅली हूं की चूं करणार नाही.

तसंच इसाराचं. बाग सौद्यात गेली, हातात ५०,००० इसार आला की घरात उत्पन्न आल्याचा आनंद. ताळेबंदात मात्र तो इसार देण्याच्या बाजूला बसतो, कारण फळ अजून झाडावर आहे. पुढे फळगळ झाली, व्यापारी सौदा मोडायला किंवा भाव पाडायला आला, तर त्याच ५०,००० वर बोलणी अडतात. आणि ते तर पोरीच्या लग्नात गेलेले असतात. इसार म्हणजे देणं, हे एक वाक्य ज्या घरात माहीत आहे तिथे निदान त्यातले थोडे बाजूला ठेवले जातात.

भाषेचा आक्षेप खास आमच्याकडचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले नि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा जिल्हा निघाला, सौंसर त्यात आलं. बोर्ड भोपाळचं, पुस्तक हिंदी, घरी मराठी. मराठीतून समजावलं तर पोरं परीक्षेत गोंधळतील, असं म्हणतात. मला उलट दिसतं. पुस्तकातलं ‘मूल्यह्रास’ पोरगं पाठ करतं आणि विसरतं. ‘घसारा’ म्हणा, झिजलेला फाळ डोळ्यांपुढे येतो, आणि मग मूल्यह्रास परीक्षेत लिहायला काही जड जात नाही. ‘तुलन-पत्र’ म्हणजे ताळेबंद, ‘तलपट’ म्हणजे तेरीज. ‘नाम’ आणि ‘नावे’ तर एकच शब्द आहे. आजोबांच्या तोंडी असलेले शब्द वर्गाबाहेर ठेवून आपण विषय अवघड करून ठेवला, आणि आता तो अवघड आहे म्हणून पोरांना देत नाही!

शेवटचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही, कारण तो शेतकरी स्वतः घेतो. हिशेब आला तर संत्र्याचा भाव वाढतो का? कापसाच्या खेडा खरेदीत काटा सरळ होतो का? नाही. हिशेबाने भाव वाढत नाही, पाऊस पडत नाही, गळ थांबत नाही. हिशेब शिकवला की कर्जबाजारीपणा संपेल असं सांगणारे मलाही खोटे वाटतात.

पण दीडशे वर्षांपूर्वीचं आठवा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यातही गेलं. त्यांचा रोख मुख्यतः माणसांपेक्षा कागदांवर होता: कर्जरोखे, वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. वाचता येत नसलेल्या वहीचं दुसरं काय करणार? १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यात कुळाला पैशाची लेखी पावती नि खात्याचा वार्षिक उतारा मागण्याचा हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण उतारा वाचणार कोण? हे ज्यांना कळलं ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी नि बाळबोध वाचनाच्या जोडीला हिशेब मागितला, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही. दुकानदाराच्या पोरांसाठी मागितला नव्हता.

भाव ठरवणं शेतकऱ्याच्या हातात नसेल. पण बाग उभी द्यायची की स्वतः तोडून नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची, औषध उधारीने उचलायचं की कार्डावरून पैसे काढून रोखीने, हे तर त्याच्याच हातात आहे. हे निर्णय आज अंदाजाने होतात.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. गणिताचा शिक्षक शिकवू शकतो, सोसायटीतून निवृत्त झालेला गटसचिवही शिकवू शकतो. त्यासाठी नवी पदं निघेपर्यंत थांबायची गरज नाही. घरचं कर्ज वर्गात उघडं पडेल ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून कुणाच्या घरची वही वर्गात आणायची नाही. शिक्षकाने एक खोटी वही करावी, खोट्या नावाची, दोन एकर कापूस नि एक हेक्टर संत्रा असलेली. पोरं घरी जाऊन आपल्या बापाच्या वहीशी ती मनातल्या मनात ताडून बघतीलच.

आणि सुरुवात जूनमध्ये नको. पोळा होऊ द्या, दुसऱ्या दिवशीची गोटमार आटपू द्या, फुटलेली डोकी बांधून होऊ द्या. तेव्हा कापूस शेतात उभा असतो, बोंड अजून फुटलेलं नसतं, घरात पैसा नसतो आणि कृषी केंद्रातल्या वहीचं पान खालपर्यंत भरलेलं असतं. त्याच आठवड्यात पहिला तास घ्यावा.