कोटीचा गडी आणि बाकावरचा पोरगा

कबड्डीपटूची किंमत कोटीत बोलली जाईल, असे प्रो कबड्डी सुरू होण्यापूर्वी मंगळवेढ्यात कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला वेड्यातच काढले असते. आज दामाजीपंतांच्या मंदिराच्या परिसरात चहाच्या टपरीवर ज्वारीच्या भावाइतक्याच अधिकारवाणीने चढाईपटूंचे भाव सांगितले जातात. आणि एखादा महागडा गडी सलग चार सामन्यांत रिकाम्या हाताने मध्यरेषेवर परतू लागला, की दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढे पैसे घेतो आणि दम नाही, हाकला त्याला. दुसरा म्हणतो, एवढे पैसे मोजलेत ना, मग खेळवलाच पाहिजे. दोघे हमरीतुमरीवर येतात. पण गंमत अशी, की दोघेही खेळाडूकडे बघतच नाहीत. दोघांच्या डोळ्यांपुढे असतो तो फक्त आकडा.

हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे. पूर्वी कबड्डीपटूला मिळायची ती नोकरी. एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे, पोलीस या संघांची नावे आमच्या पिढीला पाठ होती. गावाकडचा पोरगा चांगला खेळला की त्यातल्या एखाद्या ठिकाणी चिकटायचा. पगार बेताचा असे. पण गुडघा गेला तरी टेबल जात नसे. खेळ संपल्यावर तो तिथेच कारकुनी करून निवृत्त होई. त्या व्यवस्थेने खेळाडूला श्रीमंत केले नाही हे खरेच, पण ‘याला ठेवायचा की काढायचा’ असा प्रश्न दरवर्षी चारचौघांत विचारण्याची पाळीही तिने त्याच्यावर आणली नाही.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारसाठी. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला. खेळाडूच्या पदरात पैसा पडला याचा मला आनंदच आहे. मातीत कोपरे सोलून घेणाऱ्यांना तो फार उशिरा मिळाला. मात्र बोली ही खेळाडू लावत नाही. ती मालक लावतो, शेजारच्या टेबलावरच्या मालकाकडे तिरक्या डोळ्यांनी पाहत लावतो; आणि पुढे तो आकडा पाठीवर घेऊन मैदानात उतरावे लागते खेळाडूला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईचेच पाहा. २०१८ च्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. लगेच पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. ती त्या लिलावातली सर्वोच्च बोली होती. त्या वर्षी संघाला खेळाडूंवर खर्च करायची एकूण मर्यादा होती ४ कोटी ४० लाख. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच गड्यावर गेला आणि उरलेल्यात बाकीचा सगळा संघ बसवावा लागला. सिद्धार्थने २१७ गुण केले. आदल्या वर्षापेक्षा एकच कमी. संघ मात्र बारांत अकरावा आला. आता यात नापास कोण झाले? कबड्डी सात जणांची असते. एकाने गुण आणायचे आणि कोपरारक्षकांनी ते दुसऱ्या बाजूने गळू द्यायचे, असे चालले तर चढाईपटूने किती वेळा श्वास कोंडायचा?

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२० मध्ये करोनामुळे स्पर्धाच झाली नाही. २०२१ च्या लिलावात तेलुगूने त्याला पुन्हा १ कोटी ३० लाखांना राखले. तीन सामने झाले आणि दुखापतीने तो बाहेर गेला. बावीस सामन्यांत तेलुगूला एकच विजय मिळाला. २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला पुष्कळ कमी रकमेत परत घेतले, आणि २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले. खेळाडू तोच आणि खांदेही तेच. आकडा मात्र पाळण्यासारखा वरखाली झाला. ‘अवाजवी पैसे घेणारा’ हे विशेषण त्याला कोणत्या वर्षी लावायचे, ते टपरीवरच्या पंचांनी मला सांगावे.

म्हणून महागडा गडी ठेवावाच, असे मी म्हणतो का? नाही. खरे नुकसान कुठे होते ते जत्रेच्या सामन्यांत मी तरुणपणी पाहिले आहे. जवळच्या एका गावच्या मंडळाने वर्गणी काढून बाहेरून एक नावाजलेला चढाईपटू आणला होता. त्याचा पाय दुखत होता हे पहिल्या दोन चढायांतच सगळ्यांना दिसले. तरी दर वेळी तोच आत जाई, कारण वर्गणी देणारे कडेला बसून ओरडत होते, ‘पैसे मोजलेत, पाठवा त्यालाच!’ गावचा एक चपळ पोरगा शेवटपर्यंत बाकावर गुडघे हलवत बसून राहिला. पैसे तर गेलेच होते. ते वाया गेले असे कबूल करायला नको, म्हणून सामनाही घालवला.

पुणेरी पलटणने हे मोठ्या पटावर अनुभवले आहे. २०१७ मध्ये ९३ लाखांची सर्वोच्च बोली मिळवणाऱ्या नितीन तोमरला पुण्याने २०१८ मध्ये १ कोटी १५ लाखांना घेतले. दुखापतींनी त्याला जुन्या लयीत राहू दिले नाही, तरी २०१९ मध्ये १ कोटी २० लाख देऊन राखले. पुणे दहावे आले. २०२१ च्या हंगामात तर तो कर्णधार होता. पण हंगाम पुढे सरकला तसे त्याला आणि राहुल चौधरीसारख्या मोठ्या नावाला मागे ठेवून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्यावर चढाईचा भार टाकण्यात आला. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम तोवर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. त्याने त्या हंगामात चढाईचे दीडशेहून अधिक गुण केले आणि पुणे बाद फेरीत गेले. त्याच अस्लमच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी पुण्याने हरियाणाला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधाराला बाकावर बसवायला प्रशिक्षक अनूप कुमारला किती धैर्य लागले असेल, याची दखल आपल्याकडे फार थोड्यांनी घेतली.

आमचा तालुका रब्बी ज्वारीचा. परतीचा पाऊस रुसला आणि पहिली पेरणी उगवलीच नाही, तर दुबार पेरायचे की रान पडीक ठेवायचे, हा निर्णय इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेला असतो. अशा वेळी जाणता शेतकरी पहिल्या बियाण्याला किती पैसे गेले याचा हिशेब काढत बसत नाही. तो ढेकूळ हातात घेऊन ओल बघतो. संघमालकांनीही तेवढेच करावे. गेल्या वर्षीची बोली विसरावी आणि गुडघा, खांदा, दम यांत किती ओल उरली आहे ते पाहावे. प्रो कबड्डीच्या लिलावात दुसऱ्याच्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याची सोय आहे. शंका असेल तर खेळाडूला बाजारात जाऊ द्यावे, आजचा भाव कळू द्यावा आणि मग घ्यावे. जुना भाव डोळे मिटून पुन्हा देणे मला मान्य नाही. तसेच एका वाईट हंगामावरून माणूस मोडीत काढणेही मान्य नाही.

सोडून देण्यातच शहाणपण असते, असे समजणाऱ्यांसाठी मोहम्मदरझा शादलूचे उदाहरण आहे. त्याला २ कोटी ३५ लाख देऊन पुणे विजेते झाले. पुढच्या लिलावात पुण्याने त्याला जाऊ दिले. हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचलले. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणा विजेता झाला, तोही पुण्यात, बालेवाडीत. पुणे तोवर स्पर्धेबाहेर गेले होते. त्यानंतर गुजरातने २ कोटी २३ लाखांना त्याला घेतले आणि २०२५ मध्ये गुजरात बाद फेरीतही पोहोचला नाही. गणित जुळत नाही ना? जुळायचे नाहीच, कारण हातात हात धरून साखळी करणारा शेजारी दर वर्षी वेगळा असतो.

एक अट मात्र मी घालीन. मॅटवर दुखावलेला खेळाडू संघाला पुढे नको असेल तर त्याला खुशाल सोडावे. पण तो बरा होईपर्यंतचा खर्च संघाने उचलावा, आणि हे करारातच स्वच्छ लिहिलेले असावे. बँकेतले टेबल आता कोणी राखून ठेवत नाही. चंदगडचा असो वा मंगळवेढ्याचा, पोरगा शाळा अर्धी टाकून या खेळात येतो, तेव्हा त्याच्या घरच्यांनी बोलीचा आकडा विचारण्याआधी हे विचारले पाहिजे.