दिवाळीत ज्यांचे तास थांबतात

दिवाळीची सुट्टी लागली की कायम प्राध्यापकाचा पगार चालूच राहतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे मात्र तास थांबतात आणि तासांबरोबर मानधनही. नागझिऱ्याच्या आसपास, साकोली, गोरेगाव, तिरोड्याकडे अशी तरुण मंडळी घरोघरी आहेत. यंदाचं संपादकीय त्यांच्यासाठी.

इकडची महाविद्यालयं २०२३ साली शंभरी गाठलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. कुलगुरू पैसा आणि माणसं नीट वापरतात का, हा प्रश्न स्टाफरूममध्ये टाकून बघा. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले, जुनी पेन्शन असलेले सर इमारतींबद्दल, संशोधन निधीबद्दल बोलतील. नंतर लागलेल्यांना आधी पेन्शनची सल आठवेल. तासिकेवरच्या मॅडम रिक्त पदांचं विचारतील. लिपिक शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवेल, कारण तिचंही काम त्याच्याच टेबलावर येतं. पेन्शन आणि पदमान्यता मंत्रालयात ठरते, तरी राग निघतो तो कुलगुरूंवर. आमच्या मते यातलं कुणीच खोटं बोलत नाही. जो तो आपल्या नेमणुकीच्या पत्रातून कारभार पाहतो. इकडच्या नागझिऱ्याच्या व्याघ्रप्रकल्पातही कायम वनरक्षक आणि जाळरेषा साफ करणारा रोजंदारी मजूर यांना एकाच निधीचा हिशेब सारखा दिसत नाही.

तासिकेची नोंदवही उघडून पाहा. तारीख, वर्ग, शिकवलेला घटक, सही. तयारीत गेलेली रात्र त्यात कुठे लिहायची? मुलं अडचण घेऊन व्हरांड्यात थांबवतात, त्या अर्ध्या तासालाही रकाना नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. अर्थसंकल्पावर जिथे चर्चा होते त्या अधिसभेत शिक्षकांचे प्रतिनिधी निवडून जातात, पण त्यांना निवडण्यात तासिकेवाल्यांचा वाटा नाही. मग नेतृत्वाच्या कानावर जाणारं मत बहुतेक वयाने मोठ्या, नोकरीत स्थिरावलेल्यांचं असतं. तेच साऱ्या कर्मचाऱ्यांचं मत समजलं जातं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

कुलगुरूंकडे आमची मागणी साधी आहे. येत्या अर्थसंकल्पाचा मसुदा अधिसभेपुढे ठेवण्याआधी गोंदियाला आणि साकोलीला एकेक दिवस या. तासिकेवरचे शिक्षक आणि लिपिक यांना आधी बोलू द्या, प्राचार्यांना शेवटी. लहान मुलं घरी असलेल्या शिक्षिकांना नागपूर गाठून बैठकीला बसणं जमत नाही, म्हणून बैठक इकडेच घ्या, दुपारी घ्या. आणि त्या दिवसाचं मानधन त्यांच्या नोंदवहीत लावा.