पिझ्झा आणि पंक्ती

माणसाची योग्यता त्याच्या ताटातील पदार्थांवरून ठरवू नये, हे तत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु तत्त्व मान्य असणे निराळे आणि प्रसंगी ते आठवणे निराळे, असा अनुभव आम्हांस गतवर्षी आला.

सहामाही परीक्षा संपली त्या संध्याकाळी आम्ही काही वर्गबंधू बडोद्याच्या अलकापुरी भागात पिझ्झा खावयास गेलो. बाहेर वाहनांची रीघ. आत थंडगार हवा आणि भट्टीतून येणारा खमंग वास. मौज पुष्कळ झाली. दुसऱ्या दिवशी मात्र कळले की, डोके दुखते म्हणून जो मित्र आला नव्हता, त्याचे डोके मुळीच दुखत नव्हते. वर्गणीची रक्कम त्याला घरी मागवेना, आणि ती जवळ नाही हे आम्हांस सांगवेना. ज्या पदार्थापायी आमचा एक सोबती पंक्तीबाहेर राहिला, त्याचे मूळ तरी पाहावे, असे आमच्या मनाने घेतले.

पाहिले तो आश्चर्य! पिझ्झाची जन्मभूमी नेपल्स, हे दक्षिण इटलीतील गजबजलेले बंदर. तेथे हा पदार्थ वाढला तो गोरगरिबांच्या पोटासाठी. पीठ, पाणी, मीठ व खमीर एवढ्यांची ती रोटी. वर टोमॅटो, लसूण आणि तेल. 'मारिनारा' ह्या जुन्या प्रकारात तर चीजही नसते. फेरीवाले पिझ्झा रस्तोरस्ती विकीत आणि घेणारा त्याची चौघडी करून चालता चालता खाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीत तेथील स्त्रिया दारात कढई मांडून तळलेला पिझ्झा विकीत. 'आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या' अशी उधारीही चाले. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९५४ सालच्या नेपल्सविषयीच्या चित्रपटात ही उधारी आली आहे.

१८८९ साली रफाएले एस्पोझितो नामक पिझ्झावाल्याने इटलीच्या मार्घेरिता राणीसाठी पिझ्झा केला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, राणीचे नाव लागले म्हणून पिझ्झाने रस्ता सोडला नाही. घडी घातलेला पिझ्झा नेपल्समध्ये आजही उभ्या उभ्या खातात. २०१७ साली युनेस्कोने तेथील पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशात गणली. तो गौरव कणीक मळणाऱ्या, ती हाताने थापणाऱ्या आणि लाकडाच्या धगधगत्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजून काढणाऱ्या हातांचा होय; किमतीचा नव्हे.

मग पिझ्झा परका म्हणून टाकावा काय? आमचे मत तसे नाही. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आली. त्यांना परके ठरविले तर आमची शेव-उसळही फिकी पडेल! दुकानदारासही दोष देता येत नाही. जागेचे भाडे व नोकरांचे पगार त्याला द्यावयाचे असतात. दोष आमचा होता. कोठे जावयाचे हे ठरविताना ज्यांच्या खिशात पैसे होते, त्यांनाच आम्ही विचारले. गरिबाच्या अन्नाला आम्ही श्रीमंतीची खूण करून टाकले.

म्हणून आमची सर्व विद्यार्थिबंधूंस व भगिनींस विनंती आहे की, एकत्र खाण्याचा बेत करताना सर्वांत हलक्या खिशाचा विचार प्रथम करावा, आणि तोही कोणाच्या खिशाकडे बोट न दाखविता. यंदा परीक्षेनंतर आम्ही शेव-उसळीच्या गाडीवर गेलो. बाकडे अपुरे पडले, रश्श्याने डोळ्यांत पाणी आणले. पण त्या दिवशी कोणाचेही डोके दुखले नाही.