मात्रा चुकवण्याची कला

वक्तशीर माणसांबद्दल मला आदर आहे. पण बैठकीत गंमत येते ती थोडे मागेपुढे येणाऱ्यांमुळे. संगीतात तर हे शास्त्रालाही मान्य आहे. आपला गवई समेच्या अलीकडेच येऊन थांबला तर ते अनागत. सम ओलांडून आला तर अतीत. याच जातीच्या खेळाला पाश्चात्त्य मंडळी सिंकोपेशन म्हणतात : वजन मात्रेवर पडेल असे वाटावे आणि ते पडावे दोन मात्रांच्या मध्ये.

एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराने १८८८ साली आपल्या वाग्दत्त वधूसाठी, ॲलिससाठी, व्हायोलिन आणि पियानोची एक चिमुकली रचना केली. ‘सालू दामूर’, म्हणजे प्रेमाचा नमस्कार. व्हायोलिन शांतपणे गात असते आणि पियानोचे सूर मात्रांच्या फटींत हलकेच पडत असतात. ऐकायला सोपे, साधायला कठीण!

माझी पुतणी पुण्यात व्हायोलिन शिकते. गेल्या दिवाळीत ती आमच्या लोणी भापकरला आली ती हीच रचना घेऊन. गावात मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे, पुष्करिणी आहे, यज्ञवराह आहे; पियानो तेवढा नाही. तिने मोबाइलवर पियानोची साथ लावली. पण या रचनेत लय अधूनमधून किंचित सैल सोडावी लागते, आणि मोबाइल कोणासाठी थांबत नाही. चारदा फसल्यावर पोर रडकुंडीला आली.

आमचे अण्णा ओसरीवर ऐकत होते. जन्मभर भजनात टाळ धरलेला माणूस. म्हणाले, “बाळ, ते यंत्र बंद कर. तू वाजव, मी धरतो.”

त्यांनी पायाने मात्रा धरली आणि टाळ अगदी हळू, मधल्या जागी. ती रेंगाळली की पायही रेंगाळे. तिसऱ्या खेपेला रचना शेवटपर्यंत गेली.

“आजोबा, हे कुठं शिकलात?”

“त्यात शिकायचं काय? पाय खरा असला म्हणजे हाताला खोटं बोलता येतं.”

किती खरे! मनात मात्रा पक्की असेल तरच ती चुकवणे ही कला. नाहीतर ती नुसतीच चूक. आणि साथ म्हणजे केवळ बरोबर चालणे नव्हे, वेळेला थांबणेही.

एल्गारचे ॲलिसशी १८८९ साली लग्न झाले. पुढे त्याच्या स्वरलेखनाच्या कागदांवर ती हाताने रेघा आखून देई. त्या सरळ रेघांवर त्याचे सूर हवे तसे बागडले.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणीतरी असा पाय धरून बसलेले असेल. फराळाच्या गडबडीत एकदा त्यांच्याकडे पाहा. बाकीच्यांचे मागेपुढे होणे गोड लागते, ते त्यांच्यामुळे!