फलकापुरती पंचायत: गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ

महोदय,

पर्यावरणाच्या अटी मोडणाऱ्या खाण कंपनीवर कारवाई करताना त्या गावच्या पंचायतीचे मत कोणत्या टप्प्यावर विचारात घेतले जाते, या एकाच प्रश्नाकडे मंडळाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या फेब्रुवारीत गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, त्यानंतर पट्ट्यांचे लिलाव झाले आणि डिचोली तालुक्यात उत्खननही पुन्हा सुरू झाले असल्याने, हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येण्याजोगा राहिलेला नाही.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचे परिणाम आधीच मोजून पाहण्याच्या, 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी मंडळच घडवून आणते. तिची सूचना 30 दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते, मात्र गणपूर्तीची अट तिला नाही. म्हणजे गाव आले नाही तरी सुनावणी झाली असे धरता येते. पुढे मिळालेल्या मंजुरीची प्रत पंचायतीकडे जाते आणि पंचायतीने ती 30 दिवस फलकावर लावायची असते. गावाच्या लोकनियुक्त संस्थेकडे कायद्याने सोपवलेले काम बहुतांशी इतकेच. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल कंपनीने 1 जून आणि 1 डिसेंबर रोजी नियामकांकडे द्यायचा असतो; त्यात लिहिलेले आणि ओहोळात दिसणारे यांचा मेळ बसतो का, हे पंचायतीला कोणी विचारत नाही.

वास्तविक मेळ घालून पाहण्याची जागा पंचायतच आहे. गोव्यातील उघड्या खाणींत एक टन लोहखनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती व दगड उपसावे लागतात. त्यांचे डंप, म्हणजे ढिगारे, पावसात वाहून जाऊ लागले की लाल गाळ भातशेतात उतरतो. खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की पाणी सतत उपसावे लागते आणि शेजारच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. शिरगावच्या खाणी तर समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. विहीर कोणत्या महिन्यात आटली, कोणत्या शेतात गाळ किती चढला, याची माहिती पंचसदस्याला असते. ठरावीक दिवशी पाण्याचा नमुना घेऊन परतणाऱ्या अधिकाऱ्याला ती असेलच असे नाही.

यावर आक्षेप असा घेतला जातो की पंचायती तटस्थ नाहीत, कारण खनिजवाहू ट्रकांचे मालकही तेथे निवडून येतात आणि खाणबंदीने ज्यांची मजुरी बुडाली तेही ग्रामसभेचेच सदस्य असतात. आक्षेप खरा आहे. 2012 मधील बंदीनंतर गावोगावी काय झाले, हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. शिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणचालकांकडून घेतलेल्या रकमेतून बाधित भागासाठी उभारलेला निधी, त्याकडेही पंचायतींचे डोळे लागलेले असतात. परंतु हितसंबंध आहेत म्हणून मत घेऊच नये, हा निष्कर्ष उलटा आहे, कारण न विचारलेले मत मग मंत्र्यांच्या दालनात तोंडी पोहोचते आणि त्याचा मागमूस कोणत्याही आदेशात राहत नाही.

जल अधिनियमाचे कलम 33अ आणि वायू अधिनियमाचे कलम 31अ मंडळाला कामकाज बंद करण्याचे, वीज व पाणी तोडण्याचे निर्देश देऊ देतात. असे निर्देश देण्यापूर्वी ज्याप्रमाणे कंपनीचे म्हणणे मागवले जाते, त्याचप्रमाणे ते मागे घेण्यापूर्वी पंचायतीचे लेखी म्हणणे मागवावे, त्यासोबत ग्रामसभेचा ठराव आणि त्यातील विरोधी मतेही जोडून घ्यावीत, आणि अंतिम आदेशात ते का मान्य झाले वा का झाले नाही याची कारणे नोंदवावीत. पंचायतीच्या मताने मंडळ बांधले जावे, अशी मागणी येथे नाही. सहामाही अहवाल कोकणी व मराठीतून पंचायत कार्यालयात ठेवण्यास तर नव्या कायद्याचीही गरज नाही. येत्या 1 डिसेंबरपासून संमतिपत्रातील एक अट म्हणून मंडळाला ते करता येईल.