आरंभीची शिल्लक कुणी पाहिली?

व्यापारी खाते मांडताना नावे बाजूला आपण पहिली ओळ कोणती लिहितो? आरंभीचा मालसाठा. ती ओळ कोरी ठेवून कुणी नफा काढून दाखवला, तर आमचे सर वही तिथेच मिटतील! परंतु हजारो विद्यार्थी एकाच वेळी शिकतात त्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याचा 'नफा' असाच काढला जातो.

'स्वयम' २०१७ साली सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय तेथून घेण्याची मुभा दिली. तेव्हा हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. त्यातल्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. परीक्षा देखरेखीखाली होते हे उत्तमच. पण ती मोजते अखेरचा साठा. त्यातला घरून आणलेला किती आणि तिथे मिळालेला किती, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

अशाच एका हिशेबाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. कोगनोळीत काकांच्या दुकानाची कीर्द-खतावणी मी दोन वर्षे लिहिली, त्यामुळे निम्मा भाग मला आधीच येत होता. काही स्वाध्यायांची उत्तरे मोबाइलवर आयती आली; मीही ती उतरवली, हे कबूल करतो. माझ्यासोबत कन्नड माध्यमात शिकलेला एक मित्र होता. 'रिकन्सिलिएशन' या शब्दापाशी आम्ही दोघेही अडलो. बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही ताळ्यात आणायची ती हीच, हे उमगल्यावर दोघेही हसत सुटलो. म्हणजे तोवर आमचे इंग्रजीच मोजले जात होते! त्याला माझ्यापेक्षा कमी गुण पडले. कोऱ्या पाटीने आलेला तो माझ्याहून जास्त शिकला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

काही जण किती विद्यार्थी शेवटपर्यंत टिकले ते मोजतात. हार्वर्ड व एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव घालणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के शेवटाला पोहोचले. पण हवे ते प्रकरण ऐकून निघून गेलेला रिकाम्या हातानेच गेला, असे कसे म्हणावे?

त्याच एमआयटीतील प्राध्यापकांनी भौतिकशास्त्राच्या एका अभ्यासक्रमात आधी आणि नंतर, अशी दोनदा चाचणी घेतली. न येणाऱ्या भागापैकी किती भाग येऊ लागला, ते पाहिले. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की टिकून राहिलेल्यांत कच्च्या तयारीचे विद्यार्थीही इतरांइतकेच पुढे सरकले होते. नुसते शेवटचे गुण पाहिले असते तर ते कच्चेच ठरले असते.

आपल्या महाविद्यालयात हे अवघड नाही. पहिल्या दिवशी मराठी, कन्नड आणि इंग्रजीत दहा प्रश्न द्यावेत. शेवटी त्याच तोडीचे दहा, आणि सहा महिन्यांनी आणखी दहा. त्यांना गुण मात्र ठेवू नयेत. नाही तर पहिल्या दिवशी मुद्दाम चुका करणारे महाभाग निघतीलच! हिशेबाचे मराठी प्रश्न मी काढायला घेतले आहेत. कन्नड प्रश्न तो मित्र लिहून देणार आहे.